जुनी कार्यप्रणाली आणि नवे यंत्र : मराठी संहितेच्या जतनाचा एक प्रश्न

१

संहिता तिच्या आधारावाचून राहू शकत नाही, हे पाठचिकित्सेचे पहिले गृहीत होय. शिला, ताम्रपट, भूर्जपत्र, कागद असे आधार बदलत गेले आणि प्रत्येक बदलाबरोबर संहितेत काही शिरले, काही गळाले. या आवकजावकीचा हिशेब ठेवणे हे संशोधकाचे काम मानले गेले आहे. गेल्या चार दशकांत मराठी संहितेला संगणक हा नवा आधार लाभला. तथापि कागदाच्या बाबतीत जो प्रश्न शतकातून एखाद्या वेळी उद्भवे, तो या आधाराच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षांतच उद्भवतो. १९६२ साली छापलेला ग्रंथ ग्रंथालयात आजही कोणीही उघडून वाचू शकतो. १९९८ साली संगणकावर जुळवलेल्या ग्रंथाची मूळ फाइल आजच्या यंत्रावर उघडली, तर पुष्कळदा रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थशून्य ढीग तेवढा दिसतो.

या अडचणीवर व्यवहारात एक उपाय रूढ आहे. नवा लॅपटॉप घ्यावा आणि त्यावर जुनी कार्यप्रणाली, म्हणजे जुनी विंडोज, टाकून घ्यावी, असा तो उपाय होय. अक्षरजुळणीच्या धंद्यातील जाणते लोक तो सुचवतात, आणि जुन्या फाइली हाताशी असलेले अध्यापक व संशोधक विद्यार्थी तो स्वीकारतात. उपाय वरवर तांत्रिक आहे. परंतु त्यामागे संहितेच्या स्वरूपाविषयी एक समजूत गृहीत धरलेली आहे. ती समजूत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

प्रथम रोगाचे निदान पाहिले पाहिजे. संगणक अक्षर साठवत नाही. तो अंक साठवतो, आणि कोणता अंक कोणत्या अक्षराचा, हे संकेताने ठरते. भारतीय लिप्यांसाठी असा एक संकेत देशात तयार झाला होता. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रमाणित केलेला ‘इस्की’ हा संकेत अक्षरांना अंक देत असे. ते अक्षर कागदावर कोणत्या आकाराने उमटावे, हे काम तो स्वतंत्र ठेवीत असे. त्याच साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणीही इस्कीच्या पायावरच झाली. म्हणजे शास्त्रीय दृष्टीने योग्य असा मार्ग आरंभीच उपलब्ध होता.

छपाईचा धंदा मात्र वेगळ्या वाटेने गेला. पाने मांडण्याचे जे प्रोग्रॅम त्या वेळी बाजारात होते त्यांना जोडाक्षर घडवता येत नव्हते. त्यांना केवळ रोमन अक्षरे ठाऊक होती. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव या प्रसिद्ध फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच रोमन अक्षरांचा असतो. तो मराठी दिसतो तो त्या फॉन्टच्या कृपेने. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती या प्रत्येक प्रणालीची जागावाटणी निराळी होती. परिणामी एकाच भाषेचे लेखन अनेक परस्परभिन्न संकेतांत विखुरले गेले, आणि कोणत्या फाइलला कोणता संकेत लागू आहे, हे त्या फाइलीच्या बाहेरच्या ज्ञानावर अवलंबून राहिले.

येथे जुन्या कार्यप्रणालीवर ठपका ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीत आणि २००१च्या एक्सपीत युनिकोड देवनागरीची सोय होती. अडचण होती ती त्यांवर चालणाऱ्या पेजमेकरसारख्या प्रोग्रॅमची. २००१ साली आलेल्या त्याच्या सातव्या आवृत्तीलाही युनिकोड कळत नव्हते, आणि तीच त्याची अखेरची आवृत्ती ठरली. इनडिझाइनच्या सीएस-६पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडत. पुढच्या आवृत्त्यांनी तेही दार बंद केले. अशा रीतीने एक साखळी तयार झाली. संहितेसाठी फॉन्ट, फॉन्टसाठी प्रोग्रॅम, प्रोग्रॅमसाठी कार्यप्रणाली आणि कार्यप्रणालीसाठी यंत्र. यंत्र जुने झाल्यावर बदलणे भागच असते. म्हणून खरा प्रश्न असा की, जुने आणि नवे यांची गाठ या साखळीच्या कोणत्या कडीपाशी घालावी?

३

नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज टाकणारा मनुष्य ही गाठ सर्वांत शेवटच्या कडीपाशी, म्हणजे कार्यप्रणाली आणि यंत्र यांच्यामध्ये, घालू पाहतो. ती तेथे नीट बसत नाही, याची कारणे यंत्राच्या रचनेतच आहेत.

कार्यप्रणालीला आपल्या काळातील यंत्रे ठाऊक असतात. पुढच्या काळातील यंत्रे ठाऊक असणे शक्य नसते. एक्सपीच्या मूळ प्रतीत नव्या पद्धतीने जोडलेल्या डिस्कची ओळख नसते. म्हणून पुष्कळ लॅपटॉपवर ती बसवताना निळा पडदा येऊन काम थांबते. विंडोज ७ ही २००९ची. तिच्या स्थापनेच्या डिस्कमध्ये यूएसबीच्या तिसऱ्या पिढीचा ड्रायव्हर नाही. इंटेलने २०१५च्या सुमारास आपल्या नव्या संचातून जुन्या यूएसबीची सोय काढून टाकल्यावर असा विलक्षण प्रसंग येऊ लागला की, पेनड्राइव्हवरून सुरू झालेली स्थापना पुढे तोच पेनड्राइव्ह ओळखत नाही, आणि बाहेरून जोडलेला कीबोर्ड व माउसही निकामी होतात. एनव्हीएमई प्रकारच्या वेगवान डिस्कलाही ती मुळात ओळखत नाही. यंत्र सुरू करणारी जुनी बायोस पद्धत जाऊन यूईएफआय आली. जुन्या प्रणालींसाठी तीत ठेवलेली सोय २०२०पर्यंत काढून टाकण्याचा मनोदय इंटेलने २०१७ साली जाहीर केला. मायक्रोसॉफ्टनेही नव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ७ला सुधारणा देणे २०१७पासून थांबवले.

या अडचणींवर तोडगे निघतात, हे मान्य केले पाहिजे. स्थापनेच्या प्रतीत ड्रायव्हर आगाऊ मिसळता येतात. सुरक्षित आरंभाची अट सेटिंगमध्ये बंद करता येते. जुन्या पद्धतीने यंत्र सुरू करण्याची सोय शिल्लक असेल तर ती वापरता येते. कुशल तंत्रज्ञ हे करतो आणि जुनी प्रणाली उभी राहते. परंतु उभी राहिल्यावरही ती पंगू असते. पडद्याच्या चित्रासाठी ड्रायव्हर नसल्याने चित्र ओबडधोबड दिसते, वायफाय लागत नाही, लॅपटॉप झोपवला तर नीट जागा होत नाही. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, ज्या मराठी प्रोग्रॅमसाठी हा खटाटोप करायचा, त्याचे जुने कुलूप, म्हणजे धंद्यात ज्याला डोंगल म्हणतात तो तुकडा, प्रिंटरच्या समांतर पोर्टला लावायचा असेल, तर नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. घर जुन्या पद्धतीचे बांधून झाल्यावर किल्ली लागणारे दार नाही, असा प्रकार होतो.

सुरक्षिततेचा मुद्दा निराळाच आहे. एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टला सांभाळ संपलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. ज्या यंत्रावर संहितेची एकमेव प्रत आहे तेच यंत्र अशा प्रणालीसह जाळ्याला जोडणे, म्हणजे हस्तलिखित जतनासाठी म्हणून वाळवीच्या कपाटात ठेवणे होय.

४

एवढ्या अडचणी असूनही हा उपाय टिकून आहे, याचे कारण केवळ आळस नव्हे. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या बोटांत टंकलेखनयंत्राच्या कळांची मांडणी मुरलेली असते. वीस-पंचवीस वर्षे ज्या कळांवर हात बसला त्या बदलणे म्हणजे चालत्या कामाचा वेग गमावणे, आणि त्याची मजुरी पानांवर मोजली जाते. त्याच्या दृष्टीने जुनी प्रणाली हे उपजीविकेचे साधन आहे. तिच्याविषयी विद्यापीठातून उपहासाने बोलणे गैर ठरेल.

परंतु विद्यापीठातील अभ्यासकाची भूमिका वेगळी आहे. त्याला संहिता चालू कामापुरती नको असते. ती पुढील पिढीला वाचता यावी, तपासता यावी आणि तिच्यात शोध घेता यावा, अशी हवी असते. त्याने जेव्हा जुन्या प्रणालीतच संहितेचा वास मानला, तेव्हा त्याने संहिता आणि तिचा संकेत यांची गल्लत केली असे म्हणावे लागते.

ही गल्लत स्पष्ट होण्यासाठी मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक प्रकरण उद्बोधक आहे. महानुभाव पंथाने आपल्या ग्रंथांसाठी सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्या योजल्या. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे ठरावीक अक्षर लिहिले जाते. ज्याला वाटणी ठाऊक नाही त्याला ती पोथी देवनागरी वळणाची असूनही अर्थशून्य वाटते. चक्रधरांचे वास्तव्य ज्या पैठणात झाले ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच आहे. त्या लीळांचे गद्य शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकाला बंद होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या उद्योगाने तो संकेत उलगडला आणि मराठीच्या आद्य गद्याचे भांडार अभ्यासकांपुढे आले.

जुन्या फॉन्टांतील मराठी ही या अर्थाने एक नवी सकळ लिपीच आहे. फरक इतकाच की, पंथाने संकेत हेतुपूर्वक घातला होता, आणि येथे तो सोयीपोटी पडला. महानुभाव पोथ्या उलगडताना तेराव्या-चौदाव्या शतकाचे मठ पुन्हा उभारावे, असे कोणी सुचवले नाही. अक्षरवाटणीचे कोष्टक हाती आले आणि पोथ्या मोकळ्या झाल्या. फॉन्टच्या बाबतीतही जतन करावयाची वस्तू तेच कोष्टक आहे. फॉन्टची फाइल आजच्या प्रणालीवरही बसते, आणि तिच्यातील जागावाटणी पाहून असे कोष्टक आजही तयार करता येते. म्हणजे नव्या-जुन्याची गाठ संहितेच्या शेजारच्या कडीपाशी, संहिता आणि फॉन्ट यांच्यामध्येच, घालता येते. चार कड्या ओलांडून यंत्रापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही.

५

यावरून दुसऱ्या टोकाचा निष्कर्षही काढला जातो. सर्व फाइली रूपांतरकातून काढाव्यात, युनिकोड करून घ्यावे आणि जुने ते टाकून द्यावे, असे उत्साही मंडळी म्हणतात. हे मतही पाठचिकित्सेच्या कसोटीला उतरत नाही. रूपांतर म्हणजे नवी नक्कल, आणि नक्कल करणारा यंत्र असला तरी लेखनिकाचे दोष त्याला चुकत नाहीत.

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी जुन्या फाइलीत ‘क’च्या आधी असते, युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर यावी लागते. ‘कर्म’ या शब्दातील रफार जुन्या फाइलीत ‘म’च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ ‘म’च्या आधी न्यावा लागतो. साध्या शब्दांत हे स्थलांतर बिनचूक होते. जोडाक्षरांची गर्दी झाली की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसण्याचा धोका असतो. मजकुरात मधूनच इंग्रजी शब्द आला असेल आणि रूपांतरकाला फॉन्टची खूण मिळाली नसेल, तर तो त्या इंग्रजी शब्दाचेही निरर्थक मराठी करून ठेवतो.

मराठीची म्हणून एक खास अडचण आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. या दोहोंतील भेद फक्त र-काराच्या लेखनात आहे. हिंदीला या दुसऱ्या र-काराची गरज नाही. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या कोष्टकात त्याची नोंद सुटली, तर अजिंठ्याच्या रांगेतील दऱ्या एका फटक्यात समुद्राला मिळतात, आणि वाचकाला त्यात मुद्रणदोषाचीही शंका येत नाही. कारण ‘दर्या’ हा शब्द मराठीतच आहे. निरर्थक चूक डोळ्याला खुपते, सार्थ चूक पाठ म्हणून स्थिर होते, हा पाठचिकित्सेचा जुना अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडतो.

रूपांतरानंतर शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम चालवला, तर संकट वाढते. मराठवाड्याच्या बोलीवरील प्रबंधात निवेदकाच्या तोंडचे ‘पानी’, ‘लोनी’ हे उच्चार मुद्दाम तसे लिहिलेले असतात. तपासनीस त्यांचे ‘पाणी’, ‘लोणी’ करतो आणि ज्या पुराव्यासाठी प्रबंध लिहिला तो पुरावाच पुसला जातो. जुन्या काळी बहुश्रुत लेखनिक आर्ष रूपे सुधारून लिही. त्याच जातीची ही सुधारणा होय.

येथे जुन्या कार्यप्रणालीचे योग्य स्थान सापडते. रूपांतरित संहितेवर शंका आली तर ती कशाशी ताडून पाहावी? छापील प्रत असेल तर तिच्याशी. नसेल तर जुन्या प्रोग्रॅममध्ये ते पान जसे दिसत होते त्याच्याशी. जुनी प्रणाली ही संहितेचे घर नव्हे, ती साक्षीदार आहे. साक्षीदार जिवंत ठेवला पाहिजे, परंतु त्याच्याकडे रोजचा कारभार सोपवू नये.

६

हा साक्षीदार कोणत्या रूपात ठेवावा, याचा विचार शहराच्या परिसरातील शिल्पाकडे पाहून सुगम होतो. आरंभीची चैत्यगृहे लाकडी बांधणीची होती. कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडात कोरलेल्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत. दगडाच्या त्या छताला आधाराची गरज नाही; कमानी पूर्वरूढीखातर तेथे आहेत. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा सुताराची झोपडी म्हणतात, त्याच कमानी दगडातच कोरल्या आहेत. लाकडी बांधणीची मूळ चैत्यगृहे काळाने नेली. ती कशी असत याची कल्पना आज अशा कोरीव अनुकरणांवरून करता येते.

नव्या लॅपटॉपवर जुनी प्रणाली प्रत्यक्ष टाकणे हा कार्ल्याचा मार्ग आहे. जुन्या साहित्याचा तुकडा नव्या साहित्यात खोचून बसवावा लागतो. याउलट आज ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणून जी सोय आहे ती वेरूळच्या जातीची आहे. नव्या प्रणालीच्या आत एका प्रोग्रॅमने जुन्या यंत्राची प्रतिकृती उभी केली जाते. जुन्या पद्धतीची डिस्क, साधा पडदा, ओळखीचा कीबोर्ड हे सारे तीत प्रोग्रॅमनेच घडवलेले असते. जुन्या विंडोजला आपण आपल्याच काळातील यंत्रावर आहोत असे वाटते, आणि ड्रायव्हरचा प्रश्न बव्हंशी सुटतो. जाळ्याशी तिचा संबंध एका कळीसरशी तोडता येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे संपूर्ण यंत्र काही फाइलींच्या रूपाने असते. त्यांची नक्कल करून पुढच्या लॅपटॉपवर नेता येते. अर्थात समांतर पोर्टचे जुने कुलूप येथेही अडते, आणि परवान्याच्या अटीही पाळाव्या लागतात. तरीही साक्षीदार म्हणून हीच व्यवस्था अधिक टिकाऊ आहे, यात संशय नाही.

७

या चर्चेचे व्यावहारिक महत्त्व विद्यापीठाला सर्वाधिक आहे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले आणि १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडले गेले. नामविस्ताराच्या सुमारासच मराठी अक्षरजुळणी शिशाच्या खिळ्यांवरून संगणकाकडे वळत होती. त्यानंतरची दोन दशके जुन्या फॉन्टांची होत. याच काळात ज्यांच्या घरात लेखनवाचनाची परंपरा नव्हती अशा अनेक घरांतील तरुण प्रथमच संशोधनाकडे वळले. बोली, ओव्या, जात्यावरची गाणी, दलित आत्मकथने यांविषयीच्या अशा संशोधनात परिशिष्टांना मोठे मोल असते. प्रबंध पुढे पुस्तकरूपाने छापताना प्रकाशक प्रथम परिशिष्ट गाळतो. ज्या वृद्ध स्त्रीने ओव्या सांगितल्या ती आज हयात नसेल, तर तिच्या शब्दांचा पुरावा ग्रंथालयातील एखाद्या बांधीव प्रतीत आणि न उघडणाऱ्या फाइलीत उरतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमावलीने प्रबंधांची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले, आणि शोधगंगा या भांडारात प्रबंध जमा होऊ लागले. परंतु जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या प्रबंधाची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसली, तरी तिच्या पोटात रोमन अक्षरेच असतात. तीत ‘ओवी’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. अशी प्रत जमा होते, परंतु अभ्यासाला मिळत नाही.

म्हणून प्रत्येक विभागाने आपल्याकडील जुन्या फाइलींच्या बाबतीत काही गोष्टी एकत्र ठेवल्या पाहिजेत. मूळ फाइल, तिला हात न लावता; तिचा फॉन्ट आणि त्या फॉन्टचे अक्षरकोष्टक; पान मूळ जसे दिसत होते त्याचे चित्र; युनिकोडमधील रूपांतर; आणि रूपांतर कोणी, केव्हा, कोणत्या साधनाने केले व हाताने काय दुरुस्त केले याची टीप. ताडून पाहण्यासाठी एक आभासी जुने यंत्र, जाळ्यापासून अलग, विभागात असावे. यात पाठचिकित्सेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला अपरिचित असे काहीही नाही. आदर्श प्रत, पाठभेद, लेखनिकाची टीप या त्याच्या नेहमीच्या संज्ञा आहेत. फक्त त्या पोथीऐवजी फाइलीला लावायच्या आहेत.

सारांश, नव्या लॅपटॉपवर जुनी प्रणाली टाकणे हा अडलेल्या दिवसाचा मार्ग आहे. संहितेच्या जतनाचा तो मार्ग नव्हे. तो प्रत्येक नव्या यंत्राबरोबर अधिक बिकट होत जाईल, आणि जे लोक तो जाणतात तेही एकेक करून धंद्यातून निवृत्त होतील. मोडी वाचणारा आजही शिकवून तयार करता येतो, कारण मोडीचे ज्ञान पुस्तकांत आणि माणसांत उतरलेले आहे. जुन्या फॉन्टांचे ज्ञान अद्याप यंत्रांत आणि कारागिरांच्या बोटांत अडकलेले आहे. ते कोष्टकांच्या रूपाने कागदावर आणि अभ्यासक्रमात आणण्याचे काम, ते कारागीर काम करीत आहेत तोवरच, हाती घेतले पाहिजे.